ब्लॉगला विषय सापडत नाही, की पटत नाही?

नागपूरच्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून थोडक्यात देते. वय चाळिशीच्या पुढे, मराठीत एम.ए., दक्षिण नागपुरात नवऱ्यासोबत महा ई-सेवा केंद्र चालवतात. लिहायची हौस कॉलेजपासूनची. ब्लॉग याआधी दोनदा सुरू केला आणि दोन्ही वेळा काही लेखांनंतर बंद पडला. आता 'नीट प्लॅनिंग करून' पुन्हा सुरू करायचा आहे. विषयांची यादी तयार आहे: नागपूरचा इतिहास, नागपुरी पदार्थ, मुलांना घेऊन केलेल्या सहली, पुस्तकं, कविता आणि 'थोडं प्रेरणादायी'. पुण्यात आयटीत असलेला पुतण्या म्हणतो, एकच विषय धर, कीवर्ड बघून लिही, आठवड्याला तीन लेख टाक, आणि मराठीत पैसा नाही तेव्हा हिंदीत लिही. मैत्रीण म्हणते, मनात येईल ते लिही. नवरा म्हणतो, दुकानात एवढी गर्दी असताना हे कशाला? ताई विचारतात: विषय कोणता धरू, भाषा कोणती घेऊ, आणि माझ्यात सातत्यच नसेल तर हा नाद सोडून देऊ का? पत्राच्या तळाशी ताजा कलम आहे: 'पत्राला उशीर झाला. बारावीच्या निकालानंतर दाखल्यांची एवढी गर्दी होती की मान वर करायला वेळ नव्हता. तीच ती गोष्ट दिवसभर सांगून घसा बसला.'

ताई,

तुमच्या पत्रात मी त्या ताज्या कलमापाशीच अडकले. वरची पानंच्या पानं तुम्ही विषय शोधताय, आणि तळाशी सहज सांगून जाताय की लोकांना तेच ते सांगून घसा बसला. ज्या बाईला लोक दिवसभर काही ना काही विचारत असतात तिच्याकडे विषय नाही, हे मला काही पटत नाही. विषय आहे. तो तुम्हाला लिहिण्याजोगा वाटत नाही, इतकंच.

मराठी घेऊन एम.ए. केलेल्या बहुतेकांच्या मनात लेखन नावाचं एक देवघर असतं. तिथे कविता चालते, ललित चालतं, गावाचा इतिहास चालतो. नॉन-क्रिमिलेयरला लागणारे तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले मात्र चपलांसारखे बाहेर काढून ठेवायचे. तुमच्या यादीत सहा विषय आहेत आणि सहाही दुकानाचं शटर पाडल्यानंतरचे आहेत. दिवसातले सगळ्यात जागे तास जिथे जातात, त्या काउंटरचा त्यात एक शब्द नाही.

सातत्याचं म्हणाल तर सर्व्हर बंद असो, प्रिंटर अडलेला असो, समोरचा माणूस चिडलेला असो, तुम्ही रोज दुकान उघडता. सातत्य नसलेल्या बाईला हे जमत नाही. काउंटरवर माणूस समोर उभा असतो, त्याचं काम झालं की नाही हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. ब्लॉगवर पलीकडे कोण आहे हेच ठरलेलं नव्हतं. कोणासाठी लिहायचं ते माहीत नसताना सहाव्या-सातव्या लेखाला हात थांबतो, भल्याभल्यांचा थांबतो. तेव्हा आळसाचा ठपका स्वतःवर ठेवू नका.

आता तुमची यादी घेऊ. कविता, पुस्तकं आणि सहली बाजूला ठेवते. त्या वाईट आहेत म्हणून नाही, त्यांना ब्लॉगची गरज नाही म्हणून. कविता वहीत लिहा, दिवाळी अंकांना पाठवा, मैत्रिणींना वाचून दाखवा. प्रत्येक आवडीला जाहीर जागा हवीच असं कुठे आहे? पदार्थांचं म्हणाल तर पाटवडी रस्सा आणि गोळाभात आता लोक वाचून करत नाहीत, मोबाइल ओट्यावर उभा करून बघून करतात. 'थोडं प्रेरणादायी' हे तर कृपा करून नकोच. सकाळी सहा वाजता व्हॉट्सअॅपवर ते फुकट येतं.

नागपूरच्या इतिहासाशी मात्र थोडं थांबायला हवं, कारण त्याबद्दल लिहिताना तुमची वाक्यं खरंच जिवंत होतात. पण एक करून बघा. शून्य मैलाचा दगड, सीताबर्डीचा किल्ला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, यांतलं काहीही इंटरनेटवर शोधा. शब्दही न बदललेले परिच्छेद दहा ठिकाणी सापडतील. १८१७ ची लढाई, चार घोडे, इडापिडा घेऊन जा गे मारबत, झालं. त्यात अकरावा परिच्छेद तुम्ही कुठून आणणार? जुन्या सचिवालयातल्या पुराभिलेखात महिनोन्‌महिने बसून कागद वाचणार असाल, किंवा मारबत बांधणाऱ्या घरांशी बोलायला जागनाथ बुधवारीत खेटे घालणार असाल, तर जरूर लिहा, मी पहिली वाचक. पण दुकान, घर आणि मुलांची शाळा सांभाळून ते होणार नाही, हे तुम्हीच चौथ्या पानावर लिहिलंय.

तरी माझ्या मते इतिहास तुमच्या हातून सुटत नाही. तो तुमच्या काउंटरवर येतोच आहे. कसा, ते सांगते.

एखादे आजोबा नातीला घेऊन येतात. प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडून फाटायला आलेले कागद, मध्ये चिकटपट्टी लावलेली. नातीला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवाय, पुढे पडताळणी. आजोबांच्या टी.सी.वर आडनाव 'मेसराम', आधारवर 'मेश्राम', आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. शाळा कधीच बंद पडलेली. 'काऊन होत नाही जी ताई, माणूस तर तोच हाय नं?' इथे तुम्ही काय करता? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा कुठे मागायचा, बंद शाळेचं रेकॉर्ड शिक्षण विभागाकडे कसं विचारायचं, गावाकडची कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल तहसीलमधून कशी काढायची, आडनावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्रात नेमकं काय लिहायचं, हे सगळं तुम्ही दहा मिनिटांत सांगता. ही दहा मिनिटं कोणी नीट लिहून ठेवलेली मला तरी कुठे दिसत नाहीत. जे मिळतं ते 'आवश्यक कागदपत्रे' नावाचं एक पान, आणि त्यात हा 'मेसराम' कुठेच बसत नाही.

आणि त्याच आजोबांकडे १९५० च्या आधीचा पुरावा का मागतात? कारण प्रत्येक प्रवर्गाला एक तारीख ठरलेली आहे आणि पुरावा तिच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा तुम्हाला झोपेतून उठवून विचारल्या तरी येतील. पण वाचकाला त्या कोणी उगाच डोक्यावर मारलेल्या वाटतात. १९५० साली नागपूर महाराष्ट्रात नव्हतं, मध्य प्रदेशची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. म्हणून त्या काळच्या कागदावर 'सी. पी. अँड बेरार' किंवा 'मध्य प्रदेश' छापलेलं असतं, नोंद कधी हिंदीत असते, आणि पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या कारकुनाला हा कागद परराज्यातला वाटतो. कुटुंब छिंदवाड्याहून किंवा बालाघाटहून आलेलं असेल तर ते नेमकं कधी आलं यावर सगळी फाइल फिरते. राज्यपुनर्रचनेवर ठोकळे लिहिले गेले असतील, पण तिचा परिणाम एका मुलीच्या प्रवेश अर्जावर कसा होतो हे तुम्ही रोज बघता. हा इतिहास लिहायला तुम्हाला पुराभिलेखात जावं लागत नाही.

म्हणून विषय कोणता हा प्रश्न तूर्त सोडा आणि एक ओळ पूर्ण करा: 'माझा ब्लॉग अमुक लोकांसाठी आहे, ज्यांचं तमुक अडलेलं आहे.' 'अमुक'च्या जागी 'सर्व मराठी वाचक' लिहिलंत तर खोडा. 'नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले पालक, ज्यांना मुलांच्या प्रवेशाआधी दाखले काढायचेत आणि जुने कागद जुळत नाहीत' इतकं नेमकं व्हायला हवं. अरुंद वाटेल. पण या वर्णनात बसणारी माणसं जूनमध्ये तुमच्या दुकानापुढे किती उभी होती ते आठवा.

पुतण्या 'एकच विषय धर' म्हणतो, त्यात अर्धं तथ्य आहे. एकच वाचक धरा, मग त्याच्यासाठी विषय पाच झाले तरी बिघडत नाही. दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, वारसनोंद, सातबारा-फेरफार, विधवा आत्याचा निराधार योजनेचा अर्ज, हे वरवर वेगळे विषय. पण त्यांच्यामागे धावणारा माणूस एकच असतो आणि त्याची पिशवीही तीच.

कीवर्डच्या बाबतीत मात्र तुम्ही पुतण्याच्या दोन पावलं पुढे आहात. काउंटरवर एक वही ठेवा. माणूस आल्या आल्या पहिलं वाक्य जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका. 'टी.सी.वर जात लिहिलीच नाही तर?' 'बाबा वारले, सातबारा अजून आजोबाच्या नावानं हाय.' 'लग्नाआधीचं नाव आणि आताचं नाव, दोन्ही कागद चालते का?' हीच वाक्यं लोक मोबाइलवर टाइप करतात किंवा बोलून शोधतात. हीच तुमची शीर्षकं. वहीत अशी पंधरा-वीस वाक्यं झाल्याशिवाय ब्लॉग उघडूच नका. नाव, लोगो, रंगसंगती यांत तुमचा उन्हाळा गेलाय असं दिसतं. 'शब्द', 'मन', 'गंध' आणि 'सावली' यांतले कुठलेही दोन जोडून होणारं नाव घेऊ नका, बाकी काहीही चालेल. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसचं फुकट पान सुरुवातीला पुरे. टाइप युनिकोडमध्येच करा. दुकानातल्या जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर शोधात सापडणार नाही.

दुकानाबद्दल नवऱ्याची शंका रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. सगळं सांगून टाकलं तर गिऱ्हाईक घरूनच अर्ज भरेल. काही जण भरतील, हे आधीच धरून चला. पण 'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर स्वतः अर्ज करणारा माणूस आजही तुमच्याकडे येत नाही. तुमच्याकडे येतो तो अपुऱ्या कागदांनिशी येतो, परत जातो, पुन्हा येतो, आणि त्या तीन फेऱ्यांचे पैसे तुम्हाला एकदाच मिळतात, कारण शुल्क ठरलेलं आहे. लेख वाचून तो पूर्ण पिशवी घेऊन आला तर वेळ तुमचाच वाचतो. नवऱ्याला हा हिशेब सांगून बघा.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच दोन गोष्टींची.

पहिली म्हणजे गिऱ्हाइकांचे कागद. लेखात उदाहरण लागेलच, पण कोणाच्याही दाखल्याचा फोटो नको, नाव झाकूनसुद्धा नको. मानेवाडा असो की महाल, मोहल्ल्यात शिक्क्यावरून आणि गावाच्या नावावरूनही माणूस ओळखू येतो. दोन-तीन प्रसंग मिसळून एक करा, आडनाव बदला, गाव बदला. जातीचा आणि उत्पन्नाचा कागद लोक विश्वासाने तुमच्या हातात देतात.

दुसरी म्हणजे नियम बदलतात आणि लेख तसाच राहतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये शंभराचा मुद्रांक जाऊन पाचशेचा आला, आणि पुढे शासकीय दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक लागत नाही हे सरकारला पुन्हा सांगावं लागलं. 'शंभराचा स्टॅम्प आणा' म्हणणारी पानं अजूनही इंटरनेटवर आहेत. तुमच्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' अशी ओळ हवी, आणि जिथे शासन निर्णय आहे तिथे त्याचा क्रमांक. जे खात्रीने माहीत नाही ते लिहू नका, 'तहसीलमध्ये विचारून घ्या' म्हणा. त्यात कमीपणा नाही. आणि हे सरकारी संकेतस्थळ नव्हे, हे प्रत्येक पानावर ठळक लिहा. सरकारी वाटणाऱ्या खोट्या साइट्सनी लोक आधीच पोळलेत.

या तपासणीमुळेच आठवड्याला तीन लेख हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. शंभर लेख अद्ययावत ठेवणं एकट्या माणसाला जमत नाही. वीस लेख जमतात. महिन्याला दोन लिहा, आणि दर काही महिन्यांनी एक आठवडा नवीन काही न लिहिता जुनंच तपासा.

वेळापत्रक तुमच्या धंद्यानेच ठरवून दिलंय. मे अखेरपासून जुलैपर्यंत तुम्हाला लिहायला फुरसत नसते आणि वाचक मात्र तेव्हाच येतात. म्हणून लेख हिवाळ्यात लिहून ठेवायचे. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे तसंही कोणी कामाला फिरकत नाही, रस्तेच बंद. मोर्चे उठले की टेबलावर बसा. उन्हाळ्यात फक्त वही भरायची. म्हणजे वर्षातले काही महिने ब्लॉग गप्प राहील, आणि ते गप्प राहणं योजनेतलंच असेल. 'मी पुन्हा खंड पाडला' म्हणून खंतावायचं कारण उरत नाही.

भाषेचा प्रश्न. आपल्या नागपुरात सदर-मोमिनपुऱ्याकडचा गिऱ्हाईक हिंदीतच बोलतो, आपणही त्याच्याशी हिंदीच बोलतो, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. पण अर्ज मराठीत, शासन निर्णय मराठीत, त्रुटीचं पत्रही मराठीत. 'अधिवास', 'फेरफार', 'वंशावळ' हे शब्द वाचकाला त्या रूपातच ओळखता यायला हवेत. तेव्हा लिहा मराठीत. एखादा लेख फार विचारला गेला तर त्याचा हिंदी अवतार स्वतंत्र पानावर द्या. एकाच लेखात दोन भाषा कालवू नका. आणि भाषा बोलण्यातली ठेवा. 'सदर प्रमाणपत्र निर्गमित करण्यात येते' हे वाक्य ज्याला कळलं असतं तो तुमच्याकडे आलाच नसता.

पैशाचं थोडक्यात: गुगलच्या जाहिराती मराठी पानांवरही लागतात, पण इतक्या नेमक्या वाचकवर्गावर त्यातून घर चालणार नाही. डोमेनचा खर्च निघाला तरी पुष्कळ. उत्पन्नाचं साधन म्हणून हे करणार असाल तर नका करू. व्ह्यूजचा आकडाही मोजू नका. पुढच्या जुलैत एवढंच बघा, की पहिल्याच खेपेला पूर्ण कागद घेऊन येणारी माणसं वाढली का, आणि कोणी 'तुमचं ते वाचलं जी' म्हणालं का. दोन्हीचं उत्तर नाही असं आलं तर ब्लॉग खुशाल बंद करा.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही आली आहेत. कळमन्यातल्या एका अडत्याला गझलेवर ब्लॉग लिहायचाय, एका फिजिओथेरपिस्टला 'जीवन जगण्याची कला' या विषयावर. त्यांनाही हेच विचारते: लोक तुम्हाला काय विचारतात? त्यांना बाहेर मिळणारं कुठलं उत्तर ऐकून तुम्ही वैतागता? संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहाराच्या भावात एवढा फरक का पडतो हे त्या अडत्याकडून ऐकायला मी गझल बाजूला ठेवून येईन. ज्यांना खरंच गझलच लिहायची आहे त्यांनी ती लिहावी, पण मग वाचक आले नाहीत म्हणून पत्र पाठवू नये.

एक शक्यता मी अजून बोलले नाही. दिवसभर दाखले आणि रात्री पुन्हा दाखलेच, याचा तुम्हाला उबग येईल. येऊ शकतो. तसं झालं तर लेखांचा क्रम बदला: एक लेख नुसता कामाचा, पुढचा त्या कामामागच्या कागदाच्या गोष्टीचा. कोतवाल बुक म्हणजे काय, ते कोण लिहायचं, जन्म-मृत्यूची नोंद कोतवालाकडे का असायची, एम्प्रेस मिलमधल्या नोकरीचे कागद लोक अजून का जपून ठेवतात. ती गिरणी १८७७ ला सुरू झाली आणि तिचं नाव घेणारी म्हातारी माणसं अजून तुमच्या रांगेत असतील. त्यांना पाणी द्या, खुर्ची द्या आणि फॉर्म भरता भरता विचारा. इथे तुमची एम.ए.ची मराठीही कामाला येईल.

पहिला लेख नावांतल्या फरकावर लिहा, तो प्रश्न बाराही महिने येतो. लिहून झाला की पुतण्याला पाठवू नका. रांगेतल्या एखाद्या बाईला मोबाइलवर वाचायला द्या आणि ती कुठे थांबते, कुठे मान वर करून तुमच्याकडे बघते, तेवढ्या ओळी पुन्हा लिहा.